कॅमेऱ्यामागचा सदरा

२०२५ सालच्या दिवाळीत आमच्या घरी एका सदऱ्यावरून वाद झाला. घरातले वाद बहुधा चकलीच्या काट्यावरून नाहीतर रांगोळीच्या जागेवरून होतात आणि पाडव्यापर्यंत विरून जातात. हा मात्र विरला नाही. भाऊबीज झाली, तुळशीचे लग्न लागले, उरल्यासुरल्या शंकरपाळ्यांचा डबा रिकामा झाला, तरी तो माझ्या डोक्यात घोळतच राहिला. म्हणून आज वाचकांपुढे मांडतो.

त्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, आमच्या ओझरच्या विमान कारखान्यात बांधलेल्या पहिल्या तेजस विमानाने संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या समक्ष भरारी घेतली. मी त्याच कारखान्यात पस्तीस वर्षे काढलेला माणूस. निवृत्तीनंतर माझी जागा घराच्या गच्चीवर. तिथून मी ते विमान पाहिले आणि चष्मा पुसण्याचे निमित्त करून डोळे पुसले. समारंभ टिपण्यासाठी वृत्तवाहिन्यांची माणसे आली होती, त्यांत माझा भाचाही होता. तो नाशिकला एका वाहिनीचा कॅमेरामन आहे. काम आटोपून संध्याकाळी तो आमच्याकडे मुक्कामाला आला आणि त्याच्या मामीने जाहीर केले, की दिवाळीला दारी आलेल्या भाच्याला नवा कपडा केल्यावाचून ती जाऊ देणार नाही.

दोघे बाजारात गेले ते तासाभराने हात हलवत परत आले. मामीला मोरपंखी झब्बा पसंत होता. भाच्याचे म्हणणे, घ्यायचाच तर कामावर घालता येईल असा सुती सदरा घ्यावा, राखाडी नाहीतर काळा.

"दिवाळीला काळा?" ही मला म्हणाली. "संक्रांत आहे का आज? तुम्हीच सांगा त्याला."

मी सांगण्याऐवजी विचारले आणि तिथेच फसलो. कारण भाच्याने त्याच्या धंद्यातल्या कपड्याचे जे शास्त्र मला ऐकवले, ते माझ्या स्वप्नातही नव्हते. पांढराशुभ्र सदरा घालून कुणाची मुलाखत टिपायला उभे राहिले, तर तो सदरा समोरच्या माणसाच्या चष्म्यात, मोटारीच्या काचेत, दुकानाच्या तावदानात चमकतो आणि चित्रात उतरतो. भडक तांबडा घालून हातभर अंतरावर गेले, तर समोरच्याच्या गालावर तांबूस झाक पडते. नायलॉनचा रेनकोट सळसळतो आणि ती सळसळ माइक इमानाने टिपतो. खिशातली चिल्लर आणि किल्ल्याही तशाच. टोपीची पुढची कड कॅमेऱ्याला अडते म्हणून ती उलटी घालावी लागते, आणि मग वडीलधाऱ्यांना पोरगा वाया गेल्यासारखा वाटतो. बूट असे हवेत, की दिवसभर उभे राहता आले पाहिजे, पळता आले पाहिजे, आणि कुणाच्या घरात शिरताना चटकन काढताही आले पाहिजेत.

"आणि सदरा लांब हवा, मामा," तो म्हणाला. "कॅमेरा खांद्यावर घेतला की हात वर जातो, हातामागून सदरा वर जातो. खाली बसून शॉट घ्यायचा तर विचारूच नका. पुढचं दृश्य सगळं जग बघतं, पण मागचं दृश्य मागे उभ्या असलेल्या बायाबापड्यांना बघावं लागतं."

सुती का, हे त्याला सांगावे लागले नाही. फटाके उडवायला निघालेल्या पोराच्या अंगातला टेरिलीनचा शर्ट काढून सुती सदरा चढवणारी प्रत्येक आई ते जाणते. कृत्रिम धाग्याला आच लागली की तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. ४ जून २०२४ रोजी ओझरहून उडालेले सुखोई विमान निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात कोसळले. दोन्ही वैमानिक वेळीच बाहेर पडले म्हणून वाचले. अशा ठिकाणी बातमीची माणसे धाव घेतात आणि तिथली जमीन धुमसत असते, मातीत धारदार पत्रे विखुरलेले असतात. पायात चपला आणि अंगात चकचकीत सिंथेटिक घालून तिथे जाणाऱ्याची मला आमच्या कारखान्याच्या डोळ्यांनी भीती वाटते.

कारखान्याचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. वास्तविक ते विषयांतर नाहीच. हा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी ओझरला आला. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि ते लोकसभेवर गेले होते ते नाशिकमधूनच, १९६३ साली, बिनविरोध. आमच्या वसाहतीला लोक आजही ओझर मिग म्हणूनच ओळखतात. मी कामाला लागलो तेव्हा कपड्यांच्या बाबतीत जरा छानछोकीचा होतो. बोटात अंगठी, मनगटावर लग्नात मिळालेले घड्याळ, वरच्या खिशात दोन पेने. पहिल्याच दिवशी आमच्या वस्तादांनी मला विमानापासून दहा पावलांवर थांबवले आणि अंगावरचे सगळे काढून टेबलावर ठेवायला लावले. सैल झालेले बटण त्यांनी स्वतः ओढून तोडले. एक पेन, एक नाणे, एक बटण विमानाच्या पोटात राहिले, तर ते कुठे अडकेल आणि कोणाचा जीव घेईल, हे सांगता येत नाही. म्हणून हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली असते. दिवस संपताना एक आकृती जरी रिकामी दिसली, तरी तो पाना सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही. वस्ताद म्हणाले होते, "हा कपडा तुझ्यासाठी नाही. हा विमानासाठी आहे."

मी भाच्याला हे सांगितले. सांगून झाल्यावर मला वाटले, की आता विषय मिटला. पण तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने एक हकीकत सांगितली, ती ऐकल्यावर आमचे मोरपंखी आणि राखाडीचे भांडण फार मागे पडले.

द्राक्षाच्या हंगामात अवकाळी पाऊस झाला होता. एका गावात बाग आडवी झालेल्या एका तरुण शेतकऱ्याने जीव दिला होता आणि भाच्याला तिथे पाठवले होते. वाहिनीने सगळ्यांना एक टीशर्ट दिलेला होता, दुरून डोळ्यांत भरेल अशा भगभगीत पिवळ्या रंगाचा. छातीवर वाहिनीचे नाव, पाठीवर त्याहून मोठे नाव आणि त्याखाली आपण किती चपळ आहोत हे सांगणारे एक वाक्य. हा तो घालून दारात उभा राहिला. ओट्यावर गेलेल्याचे वडील बसले होते. त्यांनी याला बाजूला बोलावले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "दादा, काय टिपायचं ते टिपा. पण हा बनियन तेवढा बदला. दारात बँडवाले आल्यासारखं वाटतंय."

भाचा मागे फिरला. गाडीच्या ड्रायव्हरचा मळकट राखाडी सदरा त्याने मागून घेतला आणि तो घालून काम केले. ड्रायव्हर बिचारा दोन तास गंजीफ्रॉकवर गाडीत काचा वर करून बसून राहिला. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. इतर वाहिन्यांच्या चित्रांत तू पाठमोरा दिसतोस आणि पाठीवर आपले नाव नाही, हे कसे? याने खरे कारण सांगितले. त्यावर उत्तर आले, की भावना ठीक आहेत, पण गणवेश तो गणवेश.

त्याच आठवड्यात उलटे झाले. त्याच राखाडी सदऱ्यात तो एका मोर्चात शिरला. गडबड उडाली. एका हवालदाराने त्याची कॉलर धरली, आंदोलकांतल्या एकाने त्याला साध्या वेशातला पोलीस समजून शिवी हासडली, आणि खिशातले ओळखपत्र बाहेर काढेपर्यंत त्याच्या पाठीत एक काठी बसलेली होती.

"आता सांगा, मामा," तो म्हणाला, "ओळखू येईल असा कपडा घालावा, की ओळखू येऊ नये असा?"

मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. आज जे काही सुचले आहे ते असे.

कॅमेरामनच्या कपड्याला दोन मालक असतात. एक पगार देणारा. त्याला वाटते की कपड्यावर आपले नाव दिसावे, आणि त्यात चूक काही नाही. पोस्टमनच्या खाकीवर, रेल्वेच्या हमालाच्या लाल सदऱ्यावर कोणी आक्षेप घेत नाही. दुसरा मालक म्हणजे कॅमेऱ्यासमोरचा माणूस. तो कपड्याचे पैसे देत नाही, त्याला कुणी विचारतही नाही, पण कपडा बघावा लागतो त्यालाच. घरी टीव्हीपुढे बसलेल्या तुम्हांआम्हांला कॅमेरामन दिसतच नाही. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागत मुंबईत सावेदादा भाटवडेकरांनी चित्रपटाच्या फितीवर टिपले, आणि आपल्या देशातले ते पहिले बातमीचित्र मानले जाते. त्या चित्रात परांजपे होते, सावेदादा नव्हते. या धंद्याची रीतच अशी, की ज्याला सगळे दिसते तो कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त समोर बसलेल्याला, आणि तोही बहुतेक वेळा त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी. म्हणून माझ्या मते तो कपडा ओट्यावर बसलेल्या त्या बापासाठी आहे. वस्तादांचे विमान तसा हा बाप.

इथपर्यंत सोपे आहे. सुतकाच्या घरी भडक कपडा घालू नये, हे सांगायला लेख लिहायला नको. अवघड आहे ते पुढचे. समोरच्याला खुपू नये म्हणून कपडा साधा केला, आणखी साधा केला, गर्दीत मिसळून जाईल इतका साधा केला, तर तो साधेपणा कुठल्या तरी एका पावलावर सोंग होतो. ते पाऊल कोणते?

सोंगाचे काय होते ते जगाने पाहिले आहे. ९ सप्टेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात अहमदशाह मसूद यांना मारायला आलेले दोघे बातमीदार बनून आले होते. मुलाखत घ्यायची म्हणून समोर बसले आणि कॅमेऱ्याच्या सामानात त्यांनी स्फोटके दडवली होती. १५ एप्रिल २०२३ च्या रात्री प्रयागराजला अतीक अहमद आणि त्याचा भाऊ अशरफ यांना पोलीस दवाखान्यात घेऊन जात असताना तिघांनी गोळ्या घातल्या. तेही बातमीदारांच्या सोंगाने, माइक आणि कॅमेरा घेऊन त्या घोळक्यात मिसळले होते. मेलेल्यांचे गुण-दोष हा इथे विषय नाही. त्या मारेकऱ्यांनी आणखी एक गोष्ट मारली, ती म्हणजे कॅमेरा खांद्यावर घेतलेल्या माणसाला जवळ येऊ देण्याचा भरवसा. त्यानंतर माझ्या भाच्याची झडती दुप्पट वेळ चालू लागली. तो कुरकुरतो; मी त्याला म्हणतो, की ती झडती तुझी नाही, तुझ्या वेषाची आहे.

तेव्हा हा वेष विश्वासाने दिलेली ठेव आहे. ज्याचा तो नाही त्याने तो घालू नये. आणि ज्याचा आहे त्यानेही दुसऱ्याचा घालू नये. आमच्या ओझरच्या बाजारात फौजी छापाच्या विजारी सर्रास मिळतात, कारण शेजारी हवाई दलाचे ठाणे आणि पोरांना लष्कराचे वेड. पुष्कळ खिसे असतात म्हणून कॅमेरावाल्या पोरांनाही त्या आवडतात. पण युद्धभूमीवरच्या बातमीदाराला १९७७ च्या जिनिव्हा मसुद्याने नागरिक मानले आहे ते याच गृहीतावर, की तो नागरिक राहील आणि नागरिकच दिसेल. सैनिकासारखा दिसणारा कपडा घालून त्याने ते छत्र स्वतःच्याच हाताने मिटू नये. आता छत्र उघडे असले तरी गोळी लागत नाही असे नाही. ११ मे २०२२ रोजी जेनिनमध्ये शिरीन अबू अकलेह मारल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अंगावरच्या निळ्या जाकिटावर 'प्रेस' ही अक्षरे ठळक होती. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाड्यात दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू निवडणुकीचे काम टिपायला गेले आणि नक्षलवाद्यांच्या गोळीबारात गेले. कपडा चिलखत नाही. तो फक्त एक वाक्य बोलतो. ऐकायचे की नाही, हे बंदूकवाल्याच्या हाती असते. पण आपले वाक्य खरे असले पाहिजे.

मला या ठिकाणी माझ्या लहानपणचा एक फोटोग्राफर आठवतो. नाशिकहून तो लाकडी तिकाटणे आणि भला मोठा पेटीचा कॅमेरा घेऊन आमच्या आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आला होता. सगळे कुटुंब अंगणात मांडून झाल्यावर तो काळ्या कापडात डोके खुपसून दिसेनासा झाला. आम्हा पोरांना त्या कापडाची विलक्षण गंमत वाटली. आज वाटते, की कॅमेरामनचा खरा गणवेश तोच. काळ्या कापडाखाली गेला की त्या माणसाचा चेहरा नाहीसा होई, त्याची हौस, त्याचा सदरा, त्याच्या मिशा, सगळे झाकले जाई. पण तो तिथे आहे हे अंगणातल्या प्रत्येकाला पक्के ठाऊक असे. किंबहुना ते कापड पडले की आजीही पदर सारखा करी. त्याने स्वतःला लपवले होते, स्वतःचे काम लपवले नव्हते. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मला या कापडात सापडते. माणूस म्हणून दिसू नये, कॅमेरामन म्हणून दिसावे. राखाडी सदरा घालावा आणि गळ्यातले ओळखपत्र आत न खुपसता सदऱ्यावर ठेवावे. नाव असू द्यावे, पण ते वाचायला माणसाने जवळ यावे लागेल एवढेच मोठे. आणि कुणी विचारले, "तुम्ही कोण?", तर जे सांगायचे ते आणि कपडा जे सांगतो ते यांत अंतर नसावे.

हे मी भाच्याला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "मामा, मग लाल टोपीचं काय?"

ही लाल टोपीची भानगड २०१८ सालची. त्या वर्षी ६ मार्चला शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा नाशिकहून पायी निघाला आणि १२ तारखेला मुंबईत पोहोचला. लाल टोप्या, लाल झेंडे आणि फोड आलेले पाय, हे चित्र अनेकांच्या स्मरणात असेल. भाचा तेव्हा धंद्यात नवखा होता आणि दोन दिवस त्यांच्याबरोबर चालला. वर ऊन मी म्हणत होते. सुरगाण्याकडची एक आदिवासी आजी त्याला म्हणाली, "लेकरा, डोकं तापलंय तुझं," आणि आपल्या नातवाच्या डोक्यावरची लाल टोपी काढून तिने याच्यापुढे धरली.

त्याने टोपी घेतली, आजीच्या पाया पडला, टोपी घडी करून खिशात ठेवली आणि डोक्याला स्वतःचा रुमाल बांधला. ती टोपी अजून त्याच्या कपाटात आहे. यावर आमचे मतभेद आहेत. मला वाटते, की ती टोपी पक्षाची नव्हती, आजीची होती. मायेने दिलेले डोक्यावर घ्यावे. त्याचे म्हणणे, की आजीच्या हातात ती आजीची होती, माझ्या डोक्यावर आली की पक्षाची झाली असती. आणि मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी भगवी दिली, निळी दिली, हिरवी दिली, तर नाही कशी म्हणणार? महाराष्ट्रात आता बिनपक्षाचा रंग उरला आहे कुठे? पांढरा पुढाऱ्यांनी नेला. काळा घातला तर मंत्र्यांच्या सभेत निषेधाला आलास का म्हणून विचारतात. "उरला राखाडी," तो म्हणाला, "तोही कोणी मागितलेला नाही म्हणून." त्याचे तर्कशास्त्र मला खोडता येत नाही. तरीसुद्धा त्या आजीला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अशीच परीक्षा २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी होणार आहे. घाटावर अनवाणी उतरणे, गुडघ्याइतक्या पाण्यात विजार दुमडून उभे राहणे, हे झाले शिष्टाचार, ते करावे. पण आखाड्यात सहज शिरता यावे म्हणून भगवी कफनी चढवणे ही चोरी आहे. दोन्हींत माणूस आपला कपडा समोरच्यासाठीच बदलतो, मग फरक काय, असे कुणी विचारील. फरक असा, की अनवाणी पाय पाहून साधू म्हणतो, हा पाहुणा रीत जाणतो. कफनी पाहून म्हणतो, हा आपला आहे. पहिले खरे आहे.

जाता जाता बायकांच्या कपड्यांविषयी दोन शब्द. भाच्याच्या बरोबरीने काम करणारी एक मुलगी आहे. तिच्या कपड्यांवर बोलायला अवघे गाव मोकळे असते. तिने काय टिपले हे विचारणारा विरळा. तेव्हा कॅमेरामनने कसा पोशाख करावा असा लेख लिहिताना मला धास्ती वाटते, की उद्या कोणी हाच कागद तिच्यापुढे नाचवील. त्याला आधीच सांगून ठेवतो, की तिची या बाबतीतली तक्रार एकच आहे आणि ती रास्त आहे: बायकांच्या कपड्यांना शिंपी खिसे ठेवत नाहीत. बॅटऱ्या काय पदरात बांधायच्या?

आता एक आक्षेप, जो माझ्या मुलीने काढला आणि जो मला बोचतो. ती म्हणाली, "बाबा, कपड्याचं काय घेऊन बसलात? २००८ साली मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना त्याबद्दल खडसावलं. त्या दिवशी सगळ्यांनी राखाडी सदरे घातले असते, तर काय बदललं असतं?" काही नाही. सभ्य कपडे घालून निर्लज्ज प्रश्न विचारता येतात, आणि लाउडस्पीकरसारखा टीशर्ट घालूनही कॅमेरा खाली ठेवण्याची बुद्धी होऊ शकते. हे मला मान्य आहे. मात्र एवढे म्हणतो, की माझ्या भाच्याला त्या ओट्यावर जो सदरा बदलावा लागला, तो बदलण्यात पाच मिनिटे गेली. त्या पाच मिनिटांत तो गाडीपर्यंत चालत गेला आणि परत आला. परत आला तेव्हा, तो सांगतो, कॅमेरा खांद्यावर घेण्याआधी तो आधी त्या म्हाताऱ्याशेजारी टेकला आणि त्याने पाणी मागितले. पिवळ्या टीशर्टात ते सुचले नव्हते. यात कपड्याचे श्रेय किती आणि पाच मिनिटांचे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी आम्ही वाचक-प्रेक्षक सोयीस्करपणे गप्प असतो. भाच्याला निदान पगार आहे. तालुक्याच्या गावोगावी कॅमेरा घेऊन फिरणारी कितीतरी पोरे बातमीमागे मिळणाऱ्या चार पैशांवर जगतात. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोलही पदरचे. त्यांनी सुती सदरा घालावा, चांगले बूट घालावेत, आवाज न करणारा रेनकोट घ्यावा, डोक्याला शिरस्त्राण असावे, हे सगळे मी खुशाल लिहितो आहे. पण बिल कोणी भरायचे? आम्हा कारखान्यातल्या लोकांना अंगावरचा कपडा आणि पायातला बूट कारखाना देत असे, कारण बूट फाटला तर जबाबदारी कुणाची हे तिथे ठरलेले होते. टीव्हीच्या धंद्यात पाठीवर नाव छापायला पैसे असतात, पायात बूट द्यायला नसतात. ज्या माणसाला आपण ठेवीचा वेष म्हणतो तो घालायला लावायचा, आणि त्या वेषाची किंमत मात्र त्याच्याच खिशातून वसूल करायची, यात जे काही आहे त्याला मी तरी शिस्त म्हणणार नाही. स्लिपर घालून धुमसत्या शिवारात उतरलेल्या पोराला नावे ठेवण्याआधी हे आठवावे, असे मी स्वतःला बजावतो. नेहमी आठवतेच असे नाही.

त्या सदऱ्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. धनत्रयोदशीला ही पुन्हा एकटीच बाजारात गेली आणि दोन सदरे घेऊन आली. एक मोरपंखी, एक राखाडी; राखाडीला दोन मोठे खिसे, आणि तो तिने दुकानदाराशी भांडून चार बोटे लांब निवडलेला. भाच्याने पाडव्याला ओवाळणीच्या पाटावर मोरपंखी घातला. ही खूष झाली. ताटात करंजी पडली आणि त्याचा फोन वाजला. महामार्गावर कुठेसा अपघात होता. तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि दोन मिनिटांत राखाडी सदऱ्यात बाहेर आला. मोरपंखी झब्बा त्याने नीट घडी करून पाटावरच ठेवला होता.

"अहो, तो सदरा धुतलासुद्धा नाही अजून, कोरा आहे," ही म्हणाली. मग तिनेच त्याच्या एका खिशात चिवड्याची पुडी कोंबली. तो गाडीपाशी गेला, थबकला, पुडी खिशातून काढून पुढच्या सीटवर ठेवली, आणि मग निघाला. पुडीचा कागद वाजत होता.